‘हो’ म्हणाली. आता पुढे काय?

सायकॉलॉजीच्या एमएच्या मुलांना कौटुंबिक हिंसेबद्दल काय येतं असं कुणी विचारलं तर मी म्हणेन भरपूर येतं. लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईने 1979 मध्ये मांडलेलं हिंसेचं चक्र येतं, आधी ताण साठतो, मग स्फोट, मग माफी आणि लाडीगोडी, आणि परत ताण, गोल काढून त्यावर बाण दाखवले की छान मार्क मिळतात. पीटीएसडीचे (मोठ्या आघातानंतर होणाऱ्या मानसिक विकाराचे) निकष तोंडपाठ असतात. ट्रॉमामुळे मेंदूत काय होतं त्याच्या स्लाइड्स तर इतक्या सुंदर करतात की बघत राहावं. आणि मग हीच मुलं इंटर्नशिपला जातात, समोरची बाई बोलता बोलता म्हणून जाते, "मारतो हो कधीकधी, पण ते सोडा", आणि आमची वर्गातली हुशार मुलगी वहीत बघत विचारते, "अच्छा... आणि झोप कशी आहे?"

हे दर बॅचला होतं, त्यामुळे त्या मुलीला दोष देण्यात काही अर्थ नाही. तिला वाईट वाटत नाही असं नाही, उलट इतकं वाटतं की तोंडातून शब्द फुटत नाही आणि मग जे वाक्य पाठ आहे ते बाहेर पडतं. पुढचं वाक्य कुणी शिकवलेलंच नसतं ना. आपला सगळा अभ्यासक्रम ‘हो, घरी मारतात’ असं उत्तर येईपर्यंतचा आहे, कारणं, लक्षणं, परिणाम, थिअरी, आणि ‘हो’ आल्यानंतरची दहा मिनिटं कुठल्याच युनिटमध्ये नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रेनिंग तिथून सुरू करा, थिअरी नंतर वाचली तरी चालते.

बरं, "मला या क्षेत्रात जायचंच नाही" म्हणणारी मुलं असतातच. मॅम मी एचआरला जाणार, मॅम मी करिअर काउन्सेलिंग करणार. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, 2021 मध्ये जे अंदाज प्रसिद्ध केले त्यात जगात साधारण दर तीन बायकांपैकी एकीला आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून लैंगिक हिंसा झालेली असते. मग करिअर काउन्सेलिंगला आलेली मुलगी "घरापासून जितकं लांब मिळेल तितकं" कॉलेज शोधत असेल तर कशामुळे, आणि ऑफिसातली बाई प्रमोशन का नाकारते, हे तुम्हाला एचआरमध्ये बसूनही दिसणारच आहे. फॉर्मवर ‘येण्याचं कारण’ या रकान्यात हिंसा कुणी लिहीत नाही. तिथे डोकेदुखी असते, झोप नाही असतं, मुलाचा अभ्यास घसरलाय असतं, फार तर ‘रिलेशनशिप इश्यूज’.

तर पहिली गोष्ट विचारणं. डब्ल्यूएचओची 2013 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात आरोग्यसेवेत येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट विचारत सुटा असं म्हटलेलं नाही, जिथे तक्रारीच्या मुळाशी हिंसा असू शकते तिथे विचारा असं म्हटलंय. आता त्या तक्रारींमध्ये डिप्रेशन, अँक्झायटी, आत्महत्येचा प्रयत्न, व्यसन असं सगळं येतं, म्हणजे आमच्याकडे दार ढकलून आत येणारे बहुतेक सगळेच. पण अट एक आहे आणि ती सोडायची नाही, एकांत. दुसरं कुणी खोलीत असेल, दाराबाहेर ऐकू जात असेल, मांडीवर बोलायला लागलेलं मूल असेल (मुलं घरी जाऊन सगळं जसंच्या तसं सांगतात) तर तो प्रश्न त्या दिवशी विचारायचा नाही. आणि "माझ्यापासून काय लपवायचंय, मी पण बसतो" म्हणणारा नवरा असतोच, त्याला आयत्या वेळी बाहेर जा म्हणालात तर घरी गेल्यावर तिची उलटतपासणी होणार. म्हणून ते पहिल्याच अपॉइंटमेंटला, दोघांसमोर, कंटाळवाण्या आवाजात सांगून टाकायचं की आमच्याकडे प्रत्येकाशी थोडा वेळ एकट्याने बोलतात, सगळ्यांसाठी तोच नियम आहे. तो आवाज कंटाळवाणाच पाहिजे, त्याची सुद्धा प्रॅक्टिस लागते.

मग प्रश्न कसा विचारायचा. वर्गात मी सांगते की तुमचा प्रश्न मोठ्याने बोलून दाखवा, लिहून नको. पहिल्या फेरीत हमखास येतं, "आपल्याला कौटुंबिक हिंसाचाराला सामोरं जावं लागतं का?" याला कुणीही ‘नाही’च म्हणेल, कारण हिंसाचार म्हणजे पेपरात येतं ते, हाडं मोडलेली, जाळलेली, आपल्या घरात तर फक्त त्यांना राग लवकर येतो. त्यापेक्षा "घरी वाद झाला की पुढे काय होतं?" विचारा, आणि गप्प बसा. "त्यांना राग आला की तुम्हाला भीती वाटते का?" विचारा. "ढकलणं, मारणं, वस्तू फेकणं असं कधी झालंय?", "पैसे, फोन, बाहेर जाणं यावर कुणाचं बंधन आहे का?" 1998 मध्ये हिट्स नावाची चारच प्रश्नांची छोटी चाचणी आली, मारतो का, अपमान करतो का, धमकी देतो का, ओरडून शिव्या देतो का, प्रत्येकाला एक ते पाच गुण. चाचणी चांगली आहे पण मुलं ती कागदावरून वाचून दाखवतात आणि समोरचीला जनगणनेला बसल्यासारखं होतं. म्हणून जोड्या करून तेच तेच प्रश्न एकमेकांना विचारायला लावते, सुरुवातीला हसतात, लाजतात, "जबरदस्ती" या शब्दाशी येऊन अडखळतात, आणि आवाज नेहमीसारखा होईपर्यंत मी थांबवत नाही. कंटाळतात. कंटाळू देत.

आता ‘हो’ आलं.

इथे डब्ल्यूएचओच्याच 2014 च्या हँडबुकमधली पाच पायऱ्यांची पद्धत मी वापरते, लाइव्ह्ज म्हणतात तिला. ऐकून घ्या, आत्ता काय हवंय ते विचारा, विश्वास ठेवलाय हे कळू द्या, सुरक्षितता वाढवा, आणि पुढच्या मदतीशी जोडून द्या. वाचायला इतकं सोपं की मुलं म्हणतात हे तर आम्हाला येतंच. प्रत्यक्षात पहिल्या पायरीवरच घसरतात. ऐकण्याच्या नावाखाली चौकशी सुरू होते, कधीपासून, किती वेळा, कशाने, त्याआधी काय झालं होतं. यातला शेवटचा प्रश्न तर फार वाईट, कारण तिला ऐकू येतं ते "तू काय केलंस म्हणून त्याने मारलं". दुसरी पायरी तर उडवलीच जाते, कारण तिला काय हवंय हे आपल्यालाच तिच्यापेक्षा जास्त कळतं असा आपला समज असतो, आणि तिला त्या दिवशी कदाचित एवढंच हवं असतं की मुलाच्या शाळेत कुणाशी तरी बोलावं.

एक रोलप्ले सांगते, तो मी आता दरवर्षी घेते. क्लायंटचं काम करायला मी वर्गातल्या मुलांना बसवत नाही, नाटकात काम करणारी एक ओळखीची बाई येते, तिला आधी गोष्ट समजावून दिलेली असते. (ही कल्पना काही माझी नाही, वैद्यकीय शिक्षणात हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने 1963 मध्ये असे शिकवून तयार केलेले पेशंट वापरायला सुरुवात केली, आपण सायकॉलॉजीवाले मात्र अजून एकमेकांचेच क्लायंट होऊन खिदळत बसतो.) तर ती बाई येऊन बसते, झोप लागत नाही म्हणते, आणि सेशन सुरू होऊन थोडा वेळ झाला की तिचा फोन वाजतो. ती स्क्रीन बघते, उचलत नाही. परत वाजतो. तिचं बोलणं तुटक होतं, अंगठा सारखा फोनच्या कडेवरून फिरत राहतो. तिसऱ्यांदा वाजतो तेव्हा काउन्सेलर झालेला विद्यार्थी अगदी प्रेमाने म्हणतो, "ताई, फोन सायलेंटवर टाका ना, ही वेळ फक्त तुमच्यासाठी आहे."

पुस्तकाप्रमाणे वाक्य बरोबर आहे. सेशनच्या सीमा वगैरे. बाई फोन सायलेंट करते, कारण समोरच्याचं ऐकायची तिला सवयच आहे, आणि त्यानंतर तोंडातून एक शब्द काढत नाही. वर्ग बुचकळ्यात पडतो, मुलाला वाटतं आपली रॅपोर्ट, म्हणजे तिच्याशी जुळलेला विश्वासाचा धागा, तुटली, तो आणखी मृदू आवाजात आणखी ओपन एंडेड (हो-नाहीत न संपणारे) प्रश्न विचारतो. मग मी थांबवते आणि त्या बाईला पात्रातच राहून सांगायला सांगते की आत्ता डोक्यात काय चाललंय. ती म्हणते, "तीन फोन उचलले नाहीत. आता व्हिडिओ कॉल करेल. कुठे आहेस दाखव म्हणेल. मी भाजी आणायला आलेय सांगितलंय. ही भिंत भाजीच्या दुकानाची नाहीये."

त्यानंतर वर्गात जी चर्चा होते तिची सर माझ्या कुठल्याच लेक्चरला नाही. फोन घेऊ द्यायचा का? घेऊ द्यायचा. आपण बाहेर जायचं का? तिला विचारायचं. पुढच्या वेळी कुठली वेळ सोयीची, सेंटरमधून तिच्या नंबरवर रिमाइंडरचा मेसेज जातो तो बंद करायचा का, कुणी विचारलं तर ती कुठे होती म्हणून सांगणार आहे, बिलावर काय छापून येतं, तिच्या फोनचं लोकेशन दुसऱ्या फोनवर दिसतं का, तिचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे. हे प्रश्न मुलं स्वतःच काढतात, मला फक्त फळ्यावर लिहायचं काम. आणि मग कुणीतरी म्हणतंच की मॅम पण हे काउन्सेलिंग नाहीये, हे लॉजिस्टिक्स आहे. हो बाबा, आहे. पहिल्या भेटीत हेच काउन्सेलिंग.

धोका किती आहे हे कसं ओळखायचं त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे चूक झाली तर ती सुपरव्हिजनमध्ये (सीनियरसमोर केस मांडून होणाऱ्या चर्चेत) दुरुस्त होत नाही. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने 1980 च्या दशकात डेंजर असेसमेंट तयार केलं, आता त्यात 20 हो-नाही प्रश्न आहेत, आणि त्याआधी एक कॅलेंडर असतं. गेल्या वर्षभरात कधी कधी काय झालं त्याच्या खुणा तिने स्वतः त्यावर करायच्या. हे कॅलेंडर मला फार आवडतं. "कधीतरी होतं" म्हणणारी बाई खुणा करायला लागते आणि मधेच हात थांबतो तिचा, कारण खुणा जवळजवळ यायला लागल्यात हे तिला स्वतःलाच दिसतं, आपल्याला काही सांगावं लागत नाही. प्रश्नांमध्ये मग मारहाण वाढत चाललीय का, घरात शस्त्र आहे का, जिवे मारायची धमकी दिलीय का, पाळत ठेवतो का, गरोदरपणात मारलंय का, तुला स्वतःला काय वाटतं तो मारून टाकेल का, असं येतं.

आणि गळा. यावर मी अडून बसते. नॅन्सी ग्लास या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2008 चा अभ्यास आहे, आधी गळा आवळण्याचा प्रकार झालेला असेल तर पुढे त्या बाईचा खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त निघाली. पण "गळा दाबला का कधी?" विचारलं की नाही म्हणतात, कारण तिच्या मते त्याने "मानेला धरून भिंतीला लावलं", "आवाज बंद केला", "जरा हात ठेवला". म्हणून मानेवर, गळ्यावर हात, ओढणी, काहीही, कधीही आलंय का, श्वास कोंडला होता का, डोळ्यासमोर अंधारी आली का, कपड्यात लघवी झाली का असं सुटं सुटं विचारायचं. बऱ्याचदा बाहेरून एकही वळ दिसत नाही. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, डोळ्यात लाल ठिपके आहेत, तर मनाबिनाचं नंतर, आधी डॉक्टर, ती ठणठणीत दिसत असली तरी, कारण मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर त्यामुळे पक्षाघाताचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो. सायकॉलॉजीच्या मुलांना हे शिकवायची गरज काय असं मला एका सीनियर व्यक्तीने विचारलं होतं. गरज ही की हे वाक्य ती डॉक्टरसमोर बोलेलच असं नाही, पण तुमच्यासमोर बोलून गेलेली असते.

मग येतो तो प्रश्न, "पण ती सोडून का जात नाही?" दरवर्षी येतो, बहुतेक वेळा सगळ्यात कळवळ्याने ऐकणाऱ्या मुलाकडूनच येतो. उत्तरादाखल मी पैसे, मुलं, घर, समाज यांची यादी देत नाही, ती त्यांना येते. मी एवढंच सांगते की नियंत्रण ठेवणाऱ्या जोडीदारापासून वेगळं होण्याचा काळ हाच जिवाला सगळ्यात जास्त धोक्याचा असू शकतो, खुनांवरचे अभ्यास परत परत तेच दाखवतात, आणि ते तिला कुठलाही अभ्यास न वाचता माहीत असतं. त्यामुळे "तुम्ही निघा तिथून" हा सल्ला प्लॅन नसताना दिलात तर तुम्ही तिला शूर केलं नाहीत, उघड्यावर टाकलंत. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगवाले (बदलायची कारणं क्लायंटच्याच तोंडून काढून घेणारी बोलण्याची पद्धत आहे ती) ज्याला सगळं ताबडतोब सुरळीत करून टाकायची खुमखुमी म्हणतात ती इथे फार जोरात येते. आणि गंमत बघा, घरी एक माणूस तिला काय कर काय नको कर सांगतोय, इथे आपण दुसरा सांगतोय. ती परत आली नाही की मग आपण फाइलवर ‘मोटिव्हेशन कमी’ लिहून मोकळे.

त्यापेक्षा ती ज्या घरात आज रात्री झोपणार आहे त्या घरातली रात्र थोडी कमी धोक्याची कशी होईल ते बघायचं. वाद पेटतोय असं दिसलं की स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये जायचं नाही, एकीकडे धारदार वस्तू आणि दुसरीकडे एकच दार. कागदपत्रांच्या प्रती कुठे ठेवता येतील. कुणा एकाशी ठरलेला शब्द आहे का, ज्यावर तो काही न विचारता मदत बोलावेल. मुलांना सांगून ठेवायचं की मधे पडायचं नाही, बाहेर जायचं. पत्रक हातात द्यायचं नाही, पर्समध्ये सापडतं. यातलं तिला आधीच किती माहीत असतं ते ऐकून मुलं थक्क होतात. इतकी वर्षं ती जिवंत आहे ती स्वतःच्याच प्लॅनिंगवर आहे, तेच आधी विचारून घ्या.

आता थिअरीशी भांडण. आपण मुलांना दोन वर्षं शिकवतो की थेरपिस्टने बाजू घ्यायची नाही, कुटुंब ही एक सिस्टीम आहे, दोघांच्या वागण्याचं वर्तुळ बघा. हे बाकी ठिकाणी ठीक. पण जिथे एक माणूस दुसऱ्याला घाबरतो तिथे दोघांना एका सोफ्यावर बसवून "तुम्हाला तेव्हा काय वाटलं ते त्यांना सांगा" म्हणायचं म्हणजे तिने खरं सांगितलं तर त्याची किंमत घरी मोजायची, आणि खोटं सांगितलं तर थेरपी खोट्यावर उभी. म्हणून कपल थेरपी सुरू करायच्या आधी दोघांशी वेगवेगळं बोलणं मला सक्तीचं वाटतं, आणि भीती आणि नियंत्रण दिसलं तर कपल थेरपी नाहीच. मायकेल जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने 1995 पासून हा फरक लावून धरलाय, भांडण हाताबाहेर जाऊन झालेली मारामारी वेगळी आणि एकाने दुसऱ्याचं आख्खं आयुष्य मुठीत ठेवण्यासाठी केलेली हिंसा वेगळी. मुलांना हा फरक दाखवायला अमेरिकेतल्या डुलुथ शहरात 1984 मध्ये तयार झालेलं चाक (म्हणजे चाकासारखी आकृती) अजून उपयोगी पडतं, ते मार खाल्लेल्या बायकांच्या गटांनी सांगितलेल्या अनुभवांवरून काढलंय. त्यात मारहाण चाकाच्या कडेला आहे, आत सगळे आरे, धाक, एकटं पाडणं, पैसे रोखणं, मुलांचा वापर, "तसं काही झालंच नाही" म्हणणं. मुलं कडेकडे बघतात, मी म्हणते आरे मोजा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्यापासून हे सततचं नियंत्रण, मारहाण नसली तरी, गुन्हा आहे. या चाकावर टीकाही आहे आणि ती रास्त आहे, ते पुरुषाने बाईवर केलेल्या हिंसेवरूनच बनलंय, त्यात मार खाणारा पुरुष, दोन बायकांचं किंवा दोन पुरुषांचं नातं नीट बसत नाही, तेव्हा चाक बाजूला ठेवा आणि समोरच्याचं ऐका. पुरुष क्लायंट सांगायला लागला की मुलं नकळत हसतात, हेही रोलप्लेमध्येच बाहेर आलेलं बरं.

म्हाताऱ्या माणसांचं तर बोलायलाच नको, साठीच्या पुढच्या सहापैकी एकाला वर्षभरात कुठल्या तरी प्रकारचा छळ सोसावा लागतो असं डब्ल्यूएचओ म्हणते, आणि आमच्या अभ्यासक्रमात वार्धक्य म्हणजे फक्त स्मृतिभ्रंश.

लहान मुलं क्लायंट असतील तर एकच गोष्ट मी विद्यार्थ्यांच्या डोक्यात ठोकून बसवते, "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. लहान मुलगा म्हणतो एक सांगू, पण प्रॉमिस करा, आणि आपला इंटर्न विरघळतो. बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच हे कळवावं लागतं, आपल्याकडे कुणाला आणि कसं ते पहिल्या दिवशी माहीत असलं पाहिजे, आणि ते वचन मोडलं की त्या मुलाच्या लेखी आणखी एक मोठा माणूस खोटारडा निघाला. "मी तुझं ऐकेन, आणि तू सुरक्षित राहावंस म्हणून कुणाला सांगावं लागलं तर आधी तुला सांगेन", एवढं म्हणता येतं. आणि चित्रांवरून निष्कर्ष काढू नका रे, काळा सूर्य काढला म्हणजे घरी मारतातच असं नाही, कधी कधी पिवळा खडू शेजारच्याकडे असतो. मोठ्या बाईच्या बाबतीत मात्र तिच्या मनाविरुद्ध पोलिसांना कळवण्याची सक्ती नको असं डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे, तिला हवं असेल तर मदत करायची. तिथला स्थानिक कायदा काय म्हणतो ते वेगळं बघावं लागतंच.

मारणारा माणूस सुद्धा आपला क्लायंट असतो, हे कुणी सांगतच नाही. तो बहुतेक वेळा नीटनेटका, गोड बोलणारा, "माझा रागावर ताबा राहत नाही" म्हणत येतो, आणि मुलं लगेच श्वासाचे व्यायाम शिकवायला घेतात. मी विचारते, साहेबांवर कधी हात उचललाय का त्याने? नाही ना. म्हणजे ताबा आहे, कुठे सोडायचा तेही कळतं. अशा पुरुषांसाठीच्या कार्यक्रमांचा नेमका किती उपयोग होतो यावर संशोधकांमध्ये मतभेद आहेत, म्हणून मी मुलांना त्यात लगेच उतरवत नाही, पण त्याच्याशी बोलताना ‘तिने मला चिडवलं’ या वाक्याला मान डोलवायची नाही, हे तरी शिकवता येतं. ती मान आपोआप डोलते हो. व्हिडिओत बघितल्यावर विश्वास बसत नाही मुलांचा.

नोट्स. कंटाळवाणा विषय पण सांगतेच. "क्लायंटचा आरोप आहे की" असं लिहू नका, तुम्ही कोर्ट नाही. तिचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे. वळ कुठे, किती मोठा, कुठल्या रंगाचा. "अति भावनिक", "नाट्यमय" वगैरे विशेषणं नकोत, ही फाइल उद्या मुलांच्या ताब्याच्या खटल्यात दुसऱ्या बाजूच्या वकिलाच्या हातात असू शकते. सतत दचकणारी, संशयी, एका क्षणी चिडणारी आणि दुसऱ्या क्षणी रडणारी बाई दिसली की विद्यार्थ्यांना पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे स्वभावातच मुरलेला विकार, दिसायला लागतो. ती अजून त्याच घरात राहतेय तोवर ते लेबल लावायची घाई कशाला.

आणि वर्गातल्या मुलांचं स्वतःचं घर. तीनात एक हा आकडा वर्गातल्या बाकांनाही लागू आहे, हे शिकवणारे विसरतात. म्हणून या विषयाचं टाइमटेबल मी आधी जाहीर करते, रोलप्लेला न बसण्याची मुभा असते आणि कारण विचारलं जात नाही, आणि "तुमच्या कुटुंबातला अनुभव लिहा" छापाच्या असाइनमेंट मला अजिबात पसंत नाहीत. मार्कांसाठी कुणी आपल्या आईचा मार लिहून द्यायचा का? ज्याने ते घरी बघितलंय तो चांगला काउन्सेलर होतो की वाईट यावर लोक तावातावाने बोलतात, माझा अनुभव असा की दोन्ही होतात, फरक सुपरव्हिजनचा असतो. सुपरव्हिजन म्हणजे सुद्धा केस ऐकून टेक्निक सांगणं एवढंच नव्हे. घरी जाऊन दोनदा कुलूप तपासणारी, मित्राच्या साध्या चिडण्याने दचकणारी इंटर्न मला सांगू शकली पाहिजे, आणि ते सांगितल्यामुळे तिचे मार्क कमी होणार नाहीत हे तिला माहीत पाहिजे.

शेवटी रेफरलची यादी. प्रत्येक सेंटरमध्ये असते, लॅमिनेट केलेली. माझी असाइनमेंट अशी की त्यातल्या प्रत्येक ठिकाणी मुलांनी स्वतः फोन करायचा, ऑफिसच्या वेळेत, आपण विद्यार्थी आहोत हे आधी सांगून आणि लाइन अडवून न ठेवता. निम्मी हवा तिथेच जाते. एखादा नंबर बंद. कुठे रात्री कुणी नसतं. कुठे व्हीलचेअर आत जात नाही. एका निवाऱ्यात मोठ्या मुलग्यांना आईबरोबर घेत नाहीत असं कळल्यावर एक मुलगी फोन खाली ठेवून म्हणाली, मग तेरा वर्षांच्या मुलाने जायचं कुठे? फोन लावला नसता तर हा प्रश्न तिला क्लायंटनेच विचारला असता. आता आमच्या यादीत प्रत्येक नंबरपुढे कोणाला घेतात, कोणाला नाही, फोन कोण उचलतं आणि शेवटचं कधी तपासलं ते लिहिलेलं असतं.

काही जणांकडे या विषयाला सगळी मिळून दोनच लेक्चर असतात, मला माहीत आहे, वर विभागप्रमुख म्हणतात पोस्टर स्पर्धा घ्या. तर पोस्टर राहू देत, चक्राची आकृती मुलं घरी वाचतील. पहिल्या लेक्चरला तो फोन वाजणारा रोलप्ले घ्या, नाटकवाली बाई नसेल तर स्वतः क्लायंट व्हा आणि सहकाऱ्याला बाहेरून फोन करायला सांगा. दुसऱ्या लेक्चरला गळ्याचे प्रश्न जोड्यांमध्ये मोठ्याने, आणि जाता जाता यादीतले नंबर वाटून द्या.